देवीची ओटी भरलीत, आता जरा खाली उतरा

योगेश्वरी ज्यांची कुलदेवता आहे अशा समस्त कोकणस्थ मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

पत्र खरं तर आपल्या घरातलंच आहे. पण आपल्या कुळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही लांबलचक लिहिलं की खाली तीन जोडलेले हात, एक शुभ सकाळ आणि कुणाच्या तरी नातवाची मुंज येते, आणि विषय संपतो. म्हणून खुलं लिहिते आहे.

मुलाचं लग्न मे महिन्यात झालं आणि नव्या सुनेला घेऊन देवीच्या गावी, बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला जायला सप्टेंबर उजाडला. कार्यक्रम नेहमीचाच होता, तुमच्याही घरात हाच असतो. पुण्याहून पहाटे चारला निघायचं, अकराच्या आत देवळात पोचायचं, अभिषेक, ओटी, तांबूल. एकला जेवण, तीनला परळी वैजनाथ, रात्री परतीची वाट. हा कागद माझ्या सासऱ्यांच्या हातचा. त्यांच्या वेळी एसटीच्या वेळा होत्या, आमच्या वेळी गाडी आली, बाकी एक अक्षर बदललं नाही. मी स्वतः पाचव्यांदा जात होते. चार वेळा अंबाजोगाईला जाऊन मी त्या गावातलं काय पाहिलं होतं? देऊळ, देवळासमोरची ओटीची दुकानं आणि भक्त निवासातला नळ.

ओटी भरून झाली. विड्याची पानं कुटून केलेला तो तांबूल हातावर पडला. बाहेर येऊन चपला शोधत असताना सूनबाई म्हणाली, ‘आई, मुकुंदराजांची समाधी इथेच ना? जायचंय ना आपण?’

तिनं मराठी घेऊन एम.ए. केलं आहे. मी मराठीच्या बाबतीत स्वतःला बरीच समजते. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ मी तपासून दिले होते, केटररच्या फलकावरच्या ‘पूरणपोळी’चा उकार पहिला करून घेतला होता. तिला काय सांगणार? म्हटलं, ‘कागदावर नाही गं ते.’

देवळापाशी उभ्या असलेल्या रिक्षावाल्यानं ते ऐकलं असावं. ‘आद्यकवीला जायचंय का? चला की. पर खाली उतरून जावं लागतंय.’ आणि मग, कुणाला उद्देशून न म्हटल्यासारखं, ‘लोक देवीला येतेत, गाडी वळवतेत, जातेत.’

आद्यकवी, म्हणजे मराठीतला पहिला कवी मुकुंदराज. हा शब्द तो सहज बोलला, जसा आपण ‘परशुरामाचा घाट’ म्हणतो तसा. त्या गावाला आपल्याकडे काय आहे ते पक्कं ठाऊक आहे. तिथे नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांच्या नावानं समारोह होतो, त्यात कवी येतात, गायक येतात. कुठल्याही टपरीवर चहा घ्या आणि मुकुंदराज म्हणा, चार जण रस्ता सांगतील आणि पाचवा त्यांचा ग्रंथ ‘विवेकसिंधु’ आधी की ‘ज्ञानेश्वरी’ आधी यावर सुरू होईल. ठाऊक नाही ते आपल्याला, वर्षानुवर्षं तिथे जाऊन.

गाव बालाघाटाच्या कडेवर आहे. चार-पाच किलोमीटर गेलं की जमीन एकदम संपते आणि समोर दरी उघडते. तिथून पायऱ्या खाली जातात. पाऊस नुकताच होऊन गेलेला, सगळं हिरवं, आणि पाण्याचा आवाज आधी ऐकू येतो, पाणी नंतर दिसतं. माझे गुडघे कुरकुरत होते, यजमान वरच गाडीत बसून राहिले (त्यांचं म्हणणं, ‘कवी आहे, देव थोडाच आहे’). खाली कड्याच्या पोटाशी समाधी आहे. बाजूला धबधब्याचे तुषार. एक म्हातारे गृहस्थ पोथी उघडून वाचत बसले होते, आम्ही आलो तरी त्यांनी मान वर केली नाही. मला ते फार आवडलं. देवळात आपल्याला सवय असते, आलं की कुणीतरी गोत्र विचारतं.

तर मुकुंदराज. ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जातो. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ ची, म्हणजे मध्ये शंभर वर्षं. अठरा प्रकरणं, सोळाशे एकाहत्तर ओव्या, विषय अद्वैत. कथा अशी सांगतात की जैत्रपाळ नावाच्या राजाला ब्रह्म दिसायला हवं होतं, तेही लगेच. जो साधू दाखवू शकणार नाही त्याला तो कामाला जुंपायचा. मुकुंदराज आले, राजाला म्हणाले घोड्यावर बस. राजानं रिकिबीत पाय ठेवला आणि मांड टाकायच्या आत त्याची समाधी लागली. कथाच आहे, पण घाईच्या माणसासाठी रिकीब निवडणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. सासऱ्यांचा तो कागद मला तिथेच आठवला.

मला कथेपेक्षा ग्रंथातली एक ओवी लागली. सूनबाईनं पायरीवर बसून तिचा अर्थ सांगितला. मुकुंदराज म्हणतात, वेदशास्त्र घुसळून निघालेला अर्थ जर मराठीतून हाती लागत असेल, तर चतुर माणसानं तो का घेऊ नये? आता हे वाक्य कुणाला म्हटलं आहे बघा. शेतकऱ्याला नव्हे, त्याला मराठीच येत होती. हे म्हटलं आहे संस्कृत जाणणाऱ्याला, ज्याला मराठीत वाचायला कमीपणा वाटत होता त्याला. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच पूर्वजांसारख्या माणसांची समजूत घालत होता, आणि ज्या गावात तो घालत होता ते आपल्या कुलदेवतेचं गाव.

इथे थोडं कटू लिहिते, रागावू नका. आपल्या घरांतून मराठीवर फार बोललं जातं. ‘न’ आणि ‘ण’ यावरून आपण माणसं जोखतो. मराठवाड्यातला मुलगा ‘करायलेत’ म्हणाला की आपल्या भुवया उंचावतात. मीही त्यातलीच. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपल्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं किती आली होती, आठवतं? मराठी किती जुनी हे सांगताना ज्यांची नावं घ्यावी लागतात, त्यांच्यातला एक त्या दरीत आहे, देवळापासून रिक्षेनं थोड्या अंतरावर. आणि आपण ‘छान झालं दर्शन’ म्हणून परळीचा रस्ता धरतो.

हे मुकुंदराज नक्की इथलेच का, असा वाद आहे, तो लपवत नाही. ‘अंबानगरी’ वैन्यागंगेच्या तीरावर, असा उल्लेख आहे, त्यावरून विदर्भातली मंडळी वैनगंगेकाठचं आंभोरा पुढे करतात. तिथेही मुकुंदराजांचं स्थान आहे. काळाबद्दलही अभ्यासकांत एकमत नाही, आज मिळणाऱ्या पोथ्यांची भाषा ११८८ च्या मानानं फार सोपी वाटते म्हणून. पहिल्या मराठी ग्रंथाच्या मानासाठी महानुभावांचं ‘लीळाचरित्र’ही आहेच. पहिला मान कुणाचा हे ठरवायला मी बसलेली नाही. दोन गावं एका कवीसाठी भांडतात यात मला तरी आनंदच वाटतो. आपल्याकडे दोन भाऊ विहिरीवरून भांडतात.

आता दासोपंत, याच गावचे दुसरे संतकवी. इथे मात्र आमची फजिती झाली आणि चूक आमचीच होती. दरीतून वर येईपर्यंत दुपारचे अडीच. सूनबाईला दासोपंतांची पासोडी बघायची होती. त्यांच्या वंशजांची दोन देवघरं गावात आहेत, थोरलं आणि धाकटं. ना फोन, ना निरोप, भर दुपारी, लोकांच्या वामकुक्षीच्या वेळी आम्ही एका जुन्या दारासमोर उभे. आपल्या घरी कुणी असं आलं असतं तर आपण खिडकीतून बघून पडदा ओढला असता. बंद दाराला नमस्कार करून परत फिरलो.

पण ती पासोडी काही डोक्यातून जाईना. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घ्यायचं जाड, दुपदरी सुती कापड. दासोपंतांनी त्यावर ग्रंथ लिहिला. लांबी सुमारे चाळीस फूट, रुंदी चार फूट. आकडा वाचून काही कळत नाही, म्हणून चिपळूणला आल्यावर मी आईची नऊवारी काढली आणि गच्चीवर अंथरली. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत साडी गेली आणि गच्ची संपली. अजून तेरा फूट उरतातच. पन्ह्याला मात्र साडी साधारण तेवढीच. मग आणखी उत्साह आला. जुन्या पंच्याच्या एका टोकावर बोरू नव्हता म्हणून साध्या शाईच्या पेनानं ‘श्री’ लिहिला. सुती कापड शाई पिऊन टाकतं, ‘श्री’चं पोट सुजलं, वेलांटी शेजारच्या धाग्यात पसरली. दुसरा श्री त्याहून वाईट. तिसऱ्यानंतर पेन ठेवलं. चाळीस फूट! आणि ते सगळं वाचता येईल असं, शिवाय मध्ये आकृत्या.

आत काय लिहिलंय तेही आपल्या लोकांना भावेल असं आहे. विषय पंचीकरण. पाच महाभूतं आहेत, प्रत्येकानं स्वतःचे दोन समान भाग करायचे. एक अर्धा आपल्यापाशी ठेवायचा. उरलेल्या अर्ध्याचे चार भाग करून बाकीच्या चौघांना एकेक द्यायचा. म्हणजे पृथ्वीत अर्धी पृथ्वी, आणि पाणी, तेज, वारा, आकाश यांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. जग असं मिसळून तयार झालं. मी हे यजमानांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच या विषयात रस घेऊन म्हणाले, ‘म्हणजे आमच्या गुहागरच्या जमिनीची वाटणी.’ फक्त महाभूतं कोर्टात गेली नाहीत.

हे दासोपंत सोळाव्या शतकातले, एकनाथांचे समकालीन, दत्ताचे भक्त. लहानपणीची गोष्ट अशी सांगतात की दुष्काळात वडिलांकडून सरकारसारा भरला गेला नाही म्हणून बिदरच्या बादशहानं या मुलाला ओलीस ठेवून घेतलं, महिन्याच्या आत पैसे आणा नाहीतर मुलगा मुसलमान करू. शेवटच्या दिवशी कुणी एक पाडेवार (गावकामगार) येऊन रक्कम भरून गेला, तो दत्तच. त्या मुलानं पुढे गीतेवर ‘गीतार्णव’ लिहिला, सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. ज्ञानेश्वरी नऊ हजारांची आहे. रोज एका ढबू पैशाची शाई ते संपवायचे, अशीही आख्यायिका आहे. शाईचा हिशोब ठेवणारी आख्यायिका मी दुसऱ्या कुठल्या संताची ऐकलेली नाही. ते एवढं सगळं वाचायला हवं असं मी म्हणत नाही, मीही वाचलेलं नाही. पण ज्या गल्लीत ही शाई संपत होती ती गल्ली देवीच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, एवढं कळायला मला पाच खेपा लागल्या.

हत्तीखान्याबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला ऐकून माहीत असेल. जयंती नदीच्या काठी कातळात कोरलेली लेणी, उघड्या अंगणात दगडी हत्ती. योगेश्वरीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, ही गोष्ट आजीनं सांगितलेली असतेच. मुहूर्त गाठायची आपली धडपड बहुतेक तिथूनच आली. मला गावातल्या यादवकालीन शिलालेखांतली एक गोष्ट जास्त लक्षात राहिली. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर या गावाशी जोडलेला. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत मारला गेला. त्याच्या नावानं देऊळ बांधलं ते त्याच्या बहिणीनं, लक्ष्मीनं, शके ११६२ मध्ये. लेख संस्कृतात आहे. भावासाठी बहिणीनं दगडात लिहून ठेवावं, आणि आपण शेजारून ‘पार्किंग कुठे आहे हो’ विचारत जावं.

आणखी एक. निजामाच्या राज्यात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं, कारभार उर्दूत चालायचा. तेव्हा तिथल्या लोकांनी शाळा काढली आणि तिला नाव दिलं योगेश्वरीचं. स्वामी रामानंद तीर्थ त्या शाळेत मुख्याध्यापक होते, पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे ते नेते झाले. आपण देवीला साडी नेसवतो, त्यांनी देवीच्या नावानं शाळा चालवली. दोन्ही सेवाच, पण दुसरी आपल्याला कुणी सांगितलेली नसते.

कुणी म्हणेल, आमचा त्या गावाशी संबंध देवीपुरता. नाही हो. आपलीच दंतकथा काढून बघा. परशुरामानं कोकणात माणसं वसवली, त्यांना मुली मिळेनात, तेव्हा अंबाजोगाईच्या लोकांनी मुली दिल्या आणि अट घातली की आमची देवी तुमची कुलदेवता. इतिहास म्हणून याला काही आधार आहे असं मी म्हणत नाही. पण गोष्ट आपली आहे, पिढ्यान् पिढ्या आपणच सांगतो, आणि तिचा सरळ अर्थ असा की अंबाजोगाई हे आपल्या पहिल्या आज्यांचं माहेर. म्हणजे आपलं आजोळ. आजोळी जाऊन देवाला नमस्कार केला आणि मामाच्या घरात न डोकावता परत आलो, असं कुणी करतं का? आणि त्या आज्या ‘करायलेत’च म्हणत आल्या असणार, आपल्या भुवयांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

गणपतीपुळ्याचं उदाहरण देते, मग आवरते. तिथून मालगुंड हाकेच्या अंतरावर. केशवसुतांचा जन्म तिथला. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. गाड्याच्या गाड्या गणपतीपुळ्याला येतात, समुद्रात भिजतात, मोदक खातात आणि मालगुंडला न जाता परत फिरतात, म्हणून आपण रत्नागिरीकर किती तणतणतो! ‘घाटावरच्यांना साहित्याचं काही नाही’ हे वाक्य मी स्वतः माझ्या दिवाणखान्यात उच्चारलेलं आहे. अंबाजोगाईचा रिक्षावाला त्या दिवशी माझ्याबद्दल तेच म्हणत होता, फक्त सभ्य शब्दांत.

तेव्हा विनंती एवढीच. कार्यक्रमाच्या कागदात दोन मुक्काम घाला. पहिल्या दिवशी देवी, सावकाश. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मुकुंदराज, कारण परत वर चढायचं असतं. दासोपंतांच्या देवघरी आधी निरोप पाठवा, वेळ विचारा, ते लोकांचं राहतं घर आहे, हे विसरू नका. पासोडी फार जुनी आहे, दाखवतीलच असा हट्ट धरू नका. देवघरात नुसतं बसून आलात तरी चालेल. रेल्वेनं जाणाऱ्यांनी परळीला किंवा घाटनांदूरला उतरावं, अंबाजोगाईला स्टेशन नाही. परळी कुठे पळून जात नाही, तिसऱ्या दिवशी करा. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी वरच थांबावं, पण दरी बघावी, गाडीच्या काचेतून का होईना. यजमानांनी तेवढं केलं होतं. परत येताना बीड ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, ‘त्या राजाचा पाय रिकिबीतच राहिला का शेवटपर्यंत?’

आम्ही येत्या मार्गशीर्षात परत जातो आहोत. शुद्ध सप्तमीपासून देवीचं नवरात्र, पौर्णिमेला दत्तजयंती, म्हणजे दासोपंतांकडेही उत्सव. आमच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी ग्रुपवर जोडलेले हात न पाठवता मला फोन करावा. ओटीचं सामान मी घेते, विवेकसिंधूची प्रत सूनबाई घेणार आहे. पैठणी देवळापुरतीच बरोबर ठेवा. दुसऱ्या दिवशी सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस, आणि चपला सपाट, त्या पायऱ्या सप्टेंबरात तरी शेवाळलेल्या होत्या.

आपली,
चिपळूणची एक कुलभगिनी